मृत्युनगरीचे दप्तर

लक्सरच्या धक्क्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे प्रथम नीलेचे संथ आणि रुंद पात्र, त्यापलीकडे उसाची आणि बरसीम गवताची हिरवी पट्टी, आणि कालव्याचे पाणी जिथे पोहोचत नाही तिथे अक्षरशः एका पावलाच्या अंतरावर ती पट्टी संपून सुरू होणारे उघडेबोडके, पिवळसर डोंगर, असे तीन थर दृष्टीस पडतात. सूर्य उगवतो ती बाजू जिवंतांची आणि मावळतो ती मृतांची, अशी वाटणी प्राचीन मिसरी लोकांनी केली होती, हे येथील प्रत्येक वाटाड्या सांगतो आणि ते स्थूलमानाने खरेही आहे. परंतु मृतांच्या त्या पश्चिम तीरावर जवळजवळ साडेचारशे वर्षे जिवंत माणसांचे एक लहानसे गाव नांदत होते, आणि राजांची थडगी खोदणे व रंगवणे हा त्या गावाचा वंशपरंपरागत उद्योग होता, ही गोष्ट वाटाड्या सांगेलच अशी खात्री नाही. राजांच्या दरीला येणारा बहुतेक प्रवासी राजे पाहण्यासाठी येतो. मला मात्र तेथे वावरताना सारखे त्या गावाचे स्मरण होत राहिले, कारण दरीतल्या भिंतींवर राजांनी स्वतःविषयी जे लिहवून घेतले आहे त्यापेक्षा त्या गावच्या कारकुनांनी खापऱ्यांवर जे खरडून ठेवले आहे ते मला अधिक विश्वसनीय वाटते.

गीझाचे पिरॅमिड ज्या राजांनी उभारले त्यांच्यामागून हजारांहून अधिक वर्षांनी, इ. स. पूर्व 1500च्या सुमारास, थीब्जच्या, म्हणजे आजच्या लक्सरच्या, राजवंशाने आपल्या दफनाची रीत बदलली. पिरॅमिड म्हणजे येथे धन पुरले आहे अशी आकाशात उभारलेली पाटीच होती, आणि ती वाचण्यास चोरांना अक्षरज्ञानाची गरज पडत नव्हती. म्हणून अठराव्या वंशाच्या राजांनी मंदिर एकीकडे व थडगे दुसरीकडे अशी फारकत केली. पूजाअर्चेसाठी मंदिरे शेतीच्या कडेला उघड्यावर बांधली आणि देह मात्र डोंगरामागच्या एका रुक्ष घळीत, कड्याच्या पोटात दडवला. त्या घळीवर अल-कुर्न नावाचे एक सुळकेदार शिखर उभे आहे. ते निसर्गतःच पिरॅमिडच्या आकाराचे असल्यामुळे त्यांची जुनी श्रद्धाही दुखावली नाही. पहिल्या थुतमोस राजाचा स्थपती इनेनी याने स्वतःच्या थडग्यात अभिमानाने नोंदवून ठेवले आहे की, महाराजांचे कड्यातले थडगे आपण एकट्यानेच देखरेख करून खोदवले. कोणी पाहिले नाही आणि कोणी ऐकले नाही. वास्तविक डोंगराच्या पोटात खोलवर उतरणाऱ्या दालनांचे खोदकाम छिन्नीहातोड्याने, अनेक माणसांच्या हातून आणि वर्षानुवर्षे चालते. त्यातून निघालेला चुनखडीचा राडारोडा कुठेतरी टाकावा लागतो आणि मजुरांना रोज पाणी पोहोचवावे लागते. तेव्हा इनेनीचे हे विधान म्हणजे एका निष्ठावंत अंमलदाराने धन्याची केलेली समजूत होती, असे मला वाटते.

त्या मजुरांचे गाव म्हणजे आजचे देर अल-मदीना. डोंगराच्या एका चिंचोळ्या कुशीत तटबंदीच्या आत सुमारे सत्तर घरे, एकाला एक खेटून, मधोमध एक बोळ. विहीर नाही, पाणी गाढवांवर लादून खालच्या सपाटीवरून येत असे. येथे पाथरवट, चित्रकार, गिलावा करणारे, सुतार आणि या सर्वांच्या वर कारकून राहत. नावेवरच्या खलाशांप्रमाणे त्यांच्या उजवी व डावी अशा दोन तुकड्या पाडलेल्या असत. प्रत्येक तुकडीवर एक मुकादम. दहा दिवसांचा आठवडा. त्यातले आठ दिवस डोंगर ओलांडून दरीत काम, रात्री खिंडीतल्या दगडी खोपटांत मुक्काम, आणि नंतर घरी परत. मजुरी धान्यात मिळे: साधारण कामगारास महिन्याला चार पोती गहू आणि दीड पोते सातू, मुकादमाला त्याहून काहीसे जास्त, आणि त्यांचे पोते म्हणजे आपल्या मापाने सुमारे शहात्तर लिटरचे. सातूची बियर होई. मासळी, भाजी, तेल, जळण ही सरकारातून निराळी येत. थडग्यात दिवे लावण्यासाठी लागणाऱ्या वाती मोजून देत व वापरलेल्यांचा हिशेब घेत. तांब्याच्या छिन्न्या वजन करून देत आणि बोथट झाल्यावर वजन करूनच परत घेत.

हे सर्व आपणांस कळते ते त्या गावच्या दप्तरावरून. पपायरस महाग, पण चुनखडीच्या सपाट कपच्या आणि फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या पायाखाली पडलेल्या. तेव्हा रोजच्या नोंदी त्यांवरच होत. गावाच्या उत्तरेस पन्नास मीटरांहून खोल असा एक प्रचंड खड्डा आहे. पाणी लागेल या आशेने तो खोदला गेला, पाणी काही लागले नाही, आणि मग गावाने त्यात आपला केरकचरा टाकण्यास प्रारंभ केला. फ्रेंच उत्खनक बर्नार ब्रुयेर यांनी 1949 ते 1951च्या दरम्यान हा खड्डा उपसला तेव्हा त्यातून सुमारे पाच हजार लिखित खापऱ्या निघाल्या. कर्जाच्या चिठ्ठ्या, धोब्याकडे दिलेल्या कपड्यांच्या याद्या, गाढव भाड्याने घेतल्याबद्दलच्या फिर्यादी, घटस्फोट, शिकाऊ मुलांचे कित्ते असे त्या संग्रहाचे स्वरूप आहे. कोरडी विहीर आणि इतके ओले दप्तर असा प्रकार इतिहासात विरळाच.

या गावचा एक हजेरीपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचा तो चुनखडीचा तक्ता असून त्यावर चाळीस कामगारांची नावे आणि नावापुढे गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईने लिहिलेल्या आहेत, आणि प्रत्येक तारखेवर बारीक अक्षरांत, तांबड्या शाईने, कारण नोंदलेले आहे. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आले. एकजण भावाच्या प्रेताला लेप करीत होता. कोणी बियर गाळत होता, कोणी मुकादमाच्या खासगी कामावर गेला होता, आणि कित्येकांची रजा घरात बायको किंवा मुलगी विटाळशी आहे म्हणून मांडलेली आहे. ज्या राजाने आपल्या युद्धाच्या बढाया अबू सिम्बेलपासून कार्नाकपर्यंत हातभर खोल कोरून घेतल्या त्याच्या राज्यातला हा एवढासा दगड! कारकुनाने कोणाचीही स्तुती केलेली नाही, हेच त्याचे मोठे मूल्य.

अशा या व्यवस्थेचा कणा मोडू लागला तो तिसऱ्या रामसेसच्या अमदानीत. त्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व 1157च्या आसपास, धान्य वेळेवर येईनासे झाले. महिन्याचे अठरा दिवस उलटले तरी मजुरीचा पत्ता नाही असे पाहून कामगारांनी हत्यारे खाली ठेवली, मृत्युनगरीच्या पहाऱ्याच्या पाचही भिंती ओलांडल्या आणि तिसऱ्या थुतमोसच्या मंदिराच्या मागे जाऊन बैठक मारली. मुकादमांनी समजूत घातली, शपथा घातल्या. ते हलले नाहीत. पुढे ते दुसऱ्या रामसेसच्या मंदिरात, जिथे धान्याची कोठारे होती तिथे, शिरले आणि त्यांनी निक्षून सांगितले की, आम्ही भुकेने आणि तहानेने येथे आलो आहोत. अंगावर वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. हे महाराजांना लिहून कळवा. आमेननख्त नावाच्या कारकुनाने हा सर्व वृत्तांत दिवसवार लिहून ठेवला, आणि तो कागद आज इटलीतल्या तुरीन शहरी आहे. जगातल्या पहिल्या ज्ञात संपाची ही हकीकत. थकबाकी त्या वेळी मिळाली, पुन्हा तुंबली, पुन्हा संप झाला. अनंतकाळची निश्चिंती विकत घेऊ पाहणाऱ्या दरबाराला चालू महिन्याचे गहू पुरवता येत नव्हते. आणि थोड्याच वर्षांत त्या राजाविरुद्ध त्याच्याच जनानखान्यात कट शिजला. 2012 साली त्याच्या शवाची किरणतपासणी प्रसिद्ध झाली तेव्हा त्याचा गळा चिरलेला होता असे निष्पन्न झाले.

आता थडग्यांकडे वळू. दरीच्या तोंडाशी तिकीट घ्यावे, विजेच्या गाडीत बसून आत जावे, आणि सर्वसाधारण तिकिटावर तीन थडगी पाहावीत असा तेथील शिरस्ता आहे; पहिला सेती, सहावा रामसेस आणि तुतनखामुन यांच्यासाठी जादा तिकीट पडते. दारांवर जे क्रमांक दिसतात त्यांची सुरुवात जॉन गार्डनर विल्किन्सन या इंग्रज विद्वानाने 1827 साली हातात रंगाचा डबा घेऊन केली. त्याने एकवीसपर्यंत आकडे घातले, आज ते साठावर गेले आहेत. त्यांतली सगळीच राजांची नाहीत, आणि काही तर नुसते खड्डे आहेत. उन्हात पांढऱ्या चुनखडीचा तळपता प्रकाश डोळ्यांना सोसवत नाही. मग एक उतरती वाट लागते, आणि काही पावलांतच आपण रंगांत येतो.

तिसऱ्या थुतमोसचे थडगे कड्यात इतके उंचावर आहे की लोखंडी जिन्याने चढून मग पुन्हा खाली उतरावे लागते. त्याचे दफनदालन लंबवर्तुळाकार असून भिंतींवर सूर्याच्या रात्रीच्या बारा तासांचा प्रवास काड्यांसारख्या साध्या रेषाकृतींनी असा रेखला आहे की एखादा जुना पपायरसच उलगडून भिंतीला लावला असावा. मला हे दालन दरीतले सर्वांत गंभीर वाटले. पहिल्या सेतीचे त्याहून कितीतरी भव्य. जोव्हान्नी बेल्झोनी या एके काळी सर्कशीत बलप्रयोग करणाऱ्या इटालियन माणसाने ते ऑक्टोबर 1817 मध्ये शोधून काढले, आणि त्यातली अर्धपारदर्शक अलाबास्टरची शवपेटी शेवटी लंडनच्या सर जॉन सोन या वास्तुविशारदाने दोन हजार पौंडांस खरीदली. चित्रलिपीचे कोडे ज्याने सोडवले त्या शांपोल्यॉनने 1829 साली याच थडग्यातला एक कोरीव भाग कापून फ्रान्सला नेला, आणि त्याच्या इटालियन सहकाऱ्याने त्याचा जोड फ्लॉरेन्सला नेला. चोरी आणि विद्याव्यासंग यांची सीमारेषा त्या शतकात फारच पुसट होती. सहाव्या रामसेसच्या दालनात छतावर आकाशदेवी नुत पाठीला पाठ लावून दोनदा चितारली आहे: संध्याकाळी ती सूर्याला गिळते, तो रात्रभर तिच्या देहातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला पुन्हा जन्म देते. मान वर करून पाहणाऱ्या गर्दीला मागून येणारे लोक पुढे ढकलीत असतात.

परंतु कारागिरांना भेटायचे असेल तर होरेमहेबचे थडगे उघडे असेल त्या दिवशी जावे. राजा मरण पावला तेव्हा काम पुरे झालेले नव्हते. त्यामुळे एका भिंतीवर नुसती तांबडी रेषा, तिच्यावर उस्तादाने काळ्या रेषेने केलेली दुरुस्ती, शेजारी अर्धवट कोरलेली आकृती, आणि त्यापलीकडे पूर्ण रंगवलेला देव, असे कामाचे सर्व टप्पे क्रमाने दिसतात. अजिंठ्याच्या चोविसाव्या लेण्यातले अर्धे कोरून सोडलेले खांब ज्याने पाहिले असतील त्याला हा आनंद ठाऊक आहे. पूर्ण झालेली कलाकृती राजाची होते. अपुरी असते ती कारागिराकडेच राहते.

आणि ज्यांनी बांधले त्यांनाच दारे ठाऊक होती. तिसऱ्या रामसेसनंतर चाळीस-पन्नास वर्षांत, नवव्या रामसेसच्या सोळाव्या वर्षी, थीब्जमध्ये एक खटला उभा राहिला, त्याचे कागद वाचताना आपण पेशवे दप्तरातला एखादा तपासच वाचतो आहोत असे वाटू लागते. पूर्व तीरावरचा नगराध्यक्ष पासेर याने तक्रार केली की पश्चिम तीरावर राजांची थडगी फोडली जात आहेत. पश्चिमेचा नगराध्यक्ष पावेरा हा तेथल्या बंदोबस्तास जबाबदार. वजीर खाएमवासेत याने पाहणी मंडळ नेमले. मंडळाने दहा जुनी राजथडगी पाहून रीतसर पंचनामा केला: नऊ शाबूत, एक, सोबेकेमसाफ राजाचे, फोडलेले. एका तांबटाने पूर्वी राणीचे थडगे लुटल्याचे कबूल केले होते. त्याला डोळे बांधून जागेवर नेले, तळपायांवर छड्या मारल्या, तरी त्याने एक न वापरलेले थडगे आणि एका मजुराची झोपडी याखेरीज काही दाखवले नाही. पावेराच्या माणसांनी विजयाची मिरवणूक काढून पासेरच्या दारापुढे हुर्यो केली. पासेर संतापला, राजाला थेट लिहीन म्हणाला, आणि पुढे वजिराने भरवलेल्या सभेत त्याची तक्रार निराधार ठरली. तक्रार अगदीच निराधार नव्हती, हे त्याच खटल्यातल्या दुसऱ्या कागदावरून दिसते.

त्या दुसऱ्या कागदाचा खालचा अर्धा भाग एका इंग्रज संग्राहकाकडे फार दिवस होता. वरचा अर्धा 1935 साली ब्रुसेल्सच्या संग्रहालयातल्या एका पोकळ लाकडी मूर्तीच्या पोटात सापडला. त्यात आमेनपनुफेर नावाच्या पाथरवटाची जबानी आहे. तो सांगतो, आम्ही आठजणांनी तांब्याच्या हत्यारांनी सोबेकेमसाफचे थडगे फोडले, राजा आणि राणी यांच्या अंगावरचे सोने उतरवले, पेट्या जाळल्या. एकूण एकशे साठ देबेन, म्हणजे आजच्या मापाने चौदा-साडेचौदा किलो सोने आमच्या हाती लागले, प्रत्येकाच्या वाट्याला वीस देबेन. काही दिवसांनी मला पकडले. तेव्हा मी माझ्या वाट्याचे वीस देबेन पेठेच्या कारकुनाला दिले आणि त्याने मला सोडले. मग सोबत्यांनी आपापल्या वाट्यातून माझी भरपाई केली, आणि आम्ही पुन्हा त्याच धंद्याला लागलो. या जबानीत पश्चात्तापाचा शब्द नाही आणि बढाईही नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या लाचेचा हिशेब इतक्या सरळ भाषेत दुसरीकडे कोठे वाचायला मिळेल, मला माहीत नाही.

त्याहून विलक्षण प्रकार पुढे घडला. विसाव्या वंशाचा अस्त होत असता पियांख नावाच्या सेनापतीने नूबियाच्या मोहिमेवरून गावच्या कारकुनांना हुकूम पाठवला की, पूर्वजांच्या थडग्यांपैकी एक उघडा आणि मी येईपर्यंत त्याची मोहोर जपून ठेवा. या कारकुनांपैकी एक बुतेहामुन. डोंगराच्या कड्याकपाऱ्यांतून आजही त्याची सही जागोजागी सापडते, कारण जुन्या थडग्यांच्या शोधात तो वर्षानुवर्षे हिंडत होता. चोरांचे काम आता खात्याने हाती घेतले. राजांचे देह एकेक करून बाहेर काढले, सोने काढून घेतले, फाटलेली वस्त्रे बदलून नवी गुंडाळली, कोणत्या वर्षी कोणी गुंडाळले याची नोंद कापडावर आणि पेटीवर शाईने केली, आणि सर्वांना दोन-तीन गुप्त जागी एकत्र ठेवले. हे भक्तीने झाले की लोभाने, असा वाद पंडितांत आहे. माझ्या मते तो वृथा आहे, कारण सरकारी कामात या दोन्ही गोष्टी एकाच शिक्क्याखाली सुखाने नांदतात. मेरेनप्ताह राजाची ग्रॅनाइटची शवपेटी नीलेच्या मुखाजवळच्या तानिस शहरी नेऊन ती प्सुसेन्नेस नामक दुसऱ्याच राजासाठी वापरली; पियेर मोंते या फ्रेंच उत्खनकाला ती 1940 साली तेथे सापडली.

त्या गुप्त जागांपैकी एक कुर्ना गावच्या अब्द अल-रसूल घराण्याला 1870 नंतर लागली आणि काही वर्षे ते तिच्यातली चीजवस्तू हळूहळू बाजारात आणीत राहिले. बोभाटा झाला तेव्हा केनाच्या मुदीराने, म्हणजे सुभेदाराने, त्यांच्यापैकी एकाला धरून, पूर्वीच्या वजिराच्या माणसांनी वापरला होता तोच तळपायावर छड्या मारण्याचा मार्ग अवलंबला. पण उलगडा झाला तो छड्यांनी नव्हे, घरातल्या भावाभावांच्या वाटणीच्या तंट्यातून. जुलै 1881 मध्ये पुराणवस्तू खात्याचा इमिल ब्रुग्श दोराला धरून त्या भुयारात उतरला तेव्हा त्याच्यापुढे दुसरा रामसेस, पहिला सेती आणि तिसरा थुतमोस एका रांगेत निजलेले होते. ते सर्व आगबोटीने कैरोला निघाले, तेव्हा काठावरच्या बायकांनी केस मोकळे सोडून शोक केला असे सांगतात. तो राजांसाठी होता की गावच्या उत्पन्नासाठी, यावर बरेच विनोद झाले आहेत; मला ते विनोद अनुदार वाटतात. कुर्नाच्या लोकांना थडग्यांवरून हुसकावण्याचा उद्योग 1940 नंतर वास्तुविशारद हसन फथी यांच्या सुंदर मातीच्या नव्या गावापासून सुरू झाला, लोकांनी तो बराच काळ हाणून पाडला, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात यंत्रांनी त्यांची घरे पाडली.

तुतनखामुनविषयी वाचकांना इतके ठाऊक आहे की मी थोडक्यात उरकतो. 4 नोव्हेंबर 1922 रोजी हॉवर्ड कार्टरला पहिली पायरी लागली; सहाव्या रामसेसच्या थडग्याचे मजूर राहत त्या खोपटांच्या खालीच ती होती, म्हणजे गावच्या कामगारांनी न कळत त्या बालराजाचे रक्षण केले. पाच हजारांहून अधिक वस्तू निघाल्या आणि त्यांची नोंदणी करण्यात कार्टरची दहा वर्षे गेली. ते सारे धन आता 1 नोव्हेंबर 2025 रोजी समारंभपूर्वक उघडलेल्या गीझाच्या नव्या संग्रहालयात आहे. राजा मात्र दरीत आहे, काचेच्या पेटीत. भिंतींवरच्या तपकिरी डागांविषयी पुष्कळ काळजी व्यक्त होई. गेटी संस्थेच्या तज्ज्ञांनी 1920च्या दशकातली छायाचित्रे पडताळून दाखवले की ते डाग तेव्हापासून वाढलेले नाहीत. गिलावा ओला असतानाच थडगे बंद केले गेले असावे. घाई कोणाची होती, याची नोंद सापडलेली नाही.

दरीत तीन थडगी पाहिल्यावर बहुतेक गाड्या हॅतशेप्सुतच्या मंदिराकडे वळतात. ज्याला अर्धा प्रहर मोकळा असेल त्याने त्याऐवजी देर अल-मदीनाला जावे आणि सेन्नेजेम नावाच्या कामगाराचे थडगे पाहावे. पहिला सेती व दुसरा रामसेस यांच्या काळातला हा माणूस. त्याचे थडगे 1886 साली अस्पर्शित स्थितीत उघडले. उंच माणसाला वाकून उतरावे लागते. पिवळ्या पार्श्वभूमीवर, रंग इतके ताजे की हात मागे बांधून उभे राहावे लागते, सेन्नेजेम आणि त्याची बायको इयनेफेर्ती परलोकातल्या शेतात काम करीत आहेत: तो ठिपकेदार बैलांची जोडी हाकून नांगरतो, ती मागून बियाणे टाकते, वरच्या ओळीत तो विळ्याने कणसे खुडतो आणि ती वेचते. दोघांच्या अंगावर शेतावर कोणीही घालणार नाही अशी पांढरीशुभ्र झिरझिरीत वस्त्रे आहेत, आणि पीक त्यांच्या खांद्यापर्यंत आले आहे. जन्मभर सरकारी कोठारातल्या धान्याच्या पोत्यांवर ज्याचा संसार चालला त्याने मेल्यावर शेत मागून घेतले आहे, आणि पहारेकऱ्याने वेळ संपल्याचे सांगेपर्यंत मी ते पाहत राहिलो.